जुन्या युरोपीय पट्टीवाद्यांची ध्वनिमुद्रणे : निवड आणि चिकित्सा

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात स्वरपट्ट्यांच्या वाद्यांसाठी विपुल संगीतरचना झाली. इंग्लंडात विल्यम बर्ड, इटलीत फ्रेस्कोबाल्दी, फ्रान्समध्ये कूपरँ घराणे, स्पेनच्या दरबारी दोमेनिको स्कार्लाती आणि जर्मनीत योहान सेबास्टियन बाख ही त्यांतील ठळक नावे होत. या रचनांच्या स्वरलिपी हस्तलिखितांत व छापील प्रतींत टिकून राहिल्या आणि त्यांच्या चिकित्सक आवृत्त्याही सिद्ध झाल्या. परंतु ज्या वाद्यांसाठी त्या रचल्या गेल्या ती हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड यांसारखी वाद्ये एकोणिसाव्या शतकात प्रचारातून जवळजवळ नाहीशी झाली व त्यांची जागा पियानोने घेतली. विसाव्या शतकात त्यांचे पुनरुज्जीवन झाले. आज ‘तत्कालीन वाद्यावर वाजविलेले’ असे सांगणारी ध्वनिमुद्रणे इतकी आहेत की, अभ्यासकापुढील अडचण अभावाची नसून निवडीची आहे. ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. लेखात ‘पट्टीवाद्य’ हा शब्द स्वरपट्ट्या दाबून वाजविल्या जाणाऱ्या सर्व वाद्यांसाठी योजिला आहे, मग त्यांतील नाद तारेचा असो वा नळीतील हवेचा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ध्वनिमुद्रण हे जुन्या नादाचे दर्शन घडविणारी खिडकी नव्हे. ते एक साधन आहे आणि प्रत्येक साधनाप्रमाणे त्याचीही चिकित्सा व्हावयास हवी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना प्रत्येक हस्तलिखिताचे वय, लिपी, प्रदेश व त्याची इतर प्रतींशी असलेली नाती पाहूनच त्याच्या साक्षीचे मोल ठरविले गेले. पोथी जुनी आहे एवढ्यावरून तिचा पाठ ग्राह्य ठरला नाही. तोच न्याय येथेही लागू पडतो. ‘तत्कालीन वाद्य’ हे शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हेत. तेथून चौकशीला केवळ आरंभ होतो.

१. वाद्ये आणि त्यांचा नाद

हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली असता तिच्या टोकावरील एक उभा लाकडी तुकडा वर उचलला जातो. त्याला जॅक म्हणतात. जॅकमध्ये बसविलेली नखी जाताजाता तार छेडते. जुन्या वाद्यांत ही नखी बहुधा पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची असे. आजच्या वाद्यांत ती पुष्कळदा प्लास्टिकची असते. बोट जोराने टाकले काय किंवा हळुवार टाकले काय, नादाच्या लहानमोठेपणात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे वादकाला आशय व्यक्त करावा लागतो तो स्वर केव्हा छेडावा, किती वेळ धरावा आणि केव्हा सोडावा यांच्या सूक्ष्म नियमनातून. ज्या ध्वनिमुद्रणात हे नियमन ऐकू येत नाही, त्यात वाद्य कितीही दुर्मिळ असले तरी संगीत हाती लागत नाही.

व्हर्जिनल हे त्याच कुळातील लहान वाद्य. त्याचा म्युझेलार नावाचा फ्लेमिश प्रकार तार मध्याच्या जवळ छेडतो. त्यामुळे त्याचा नाद भरीव व काहीसा काळोखा असतो. क्लॅव्हिकॉर्डची रचना अगदी निराळी. त्यात पट्टीच्या टोकावरील पितळी पाते तारेला खालून भिडते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तेथेच टेकून राहते. बोटाचा तारेशी असलेला संबंध तुटत नसल्याने दाब कमीअधिक करून स्वराला कंप देता येतो. आपल्याकडील आंदोलनाशी त्याचे काही साम्य आहे. मात्र या वाद्याचा आवाज इतका लहान असतो की, शेजारच्या खोलीतील बोलण्याखाली तो दडून जातो. ऑर्गन हे नळ्यांचे वाद्य. ते ज्या इमारतीत उभे असते ती इमारत त्याच्या नादाचाच एक भाग असते.

पहिला प्रश्न येथेच उद्भवतो : कोणती रचना कोणत्या वाद्यासाठी? बाखने १७४१ मध्ये छापलेल्या, पुढे ‘गोल्डबर्ग’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेच्या मुखपृष्ठावर पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या हार्पसिकॉर्डचा स्पष्ट निर्देश आहे. परंतु त्याच्याच १७२२ च्या, सर्व स्वरस्थानांतील प्रील्यूड व फ्यूग यांच्या संग्रहावर ‘क्लाव्हिअर’ एवढाच शब्द आहे आणि त्या काळी त्याचा अर्थ ‘कोणतेही पट्टीवाद्य’ असा होता. राल्फ कर्कपॅट्रिक याने या संग्रहाचा पहिला भाग १९५९ मध्ये व दुसरा १९६७ मध्ये क्लॅव्हिकॉर्डवर मुद्रित केला, तो याच संदिग्धतेच्या आधारे. शब्दाचा अर्थ ठरविणे हे येथे वाद्य ठरविण्याइतकेच महत्त्वाचे होऊन बसते.

२. मूळ वाद्य म्हणजे काय?

सामान्य समजूत अशी की, दोनशे-तीनशे वर्षांचे अस्सल वाद्य मिळाले म्हणजे शंकेला जागा राहत नाही. वस्तुस्थिती बरीच गुंतागुंतीची आहे.

अँटवर्पच्या रुकर्स घराण्याने सोळाव्या-सतराव्या शतकांत घडविलेली हार्पसिकॉर्डे युरोपभर नावाजली गेली. त्यांपैकी पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या वाद्यांत त्या दोन ओळी मुळात एकमेकींपासून चार स्वरांच्या अंतराने सरकविलेल्या असत, म्हणजे एकच पट्टी खालच्या व वरच्या ओळीत निरनिराळा स्वर देई. अठराव्या शतकात पॅरिसच्या वाद्यकारांनी ही वाद्ये उघडली, पेट्या रुंद केल्या, पट्ट्या वाढविल्या आणि दोन्ही ओळी एका स्वरावर आणल्या. या पुनर्घडणीला फ्रेंचमध्ये ‘रावालमाँ’ असे नाव आहे. पॅरिसच्या संगीत-संग्रहालयातील एक प्रसिद्ध वाद्य आंद्रेआस रुकर्स याने १६४६ मध्ये घडविले व पास्काल तास्कँ याने १७८० मध्ये वाढविले. त्यावर वाजविलेले संगीत ‘रुकर्सच्या वाद्यावरील’ म्हणावे की ‘तास्कँच्या’? नादफलक, म्हणजे सतारीला जशी तबली तसे नाद वाढविणारे पातळ लाकूड, पहिल्याचे. पट्ट्यांचा विस्तार दुसऱ्याचा. सतराव्या शतकातील फ्लेमिश नादाची साक्ष म्हणून ते पुढे करता येत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पॅरिसला जो नाद प्रिय होता त्याची मात्र ते उत्तम साक्ष देते. रुकर्सच्या नावाला भाव होता म्हणून त्या नावाची बनावट वाद्येही त्या शतकात विकली गेली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जीर्णोद्धाराने होणारी हानी याहून गंभीर असते. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचे तीन पियानो शिल्लक आहेत : न्यूयॉर्क येथे १७२० चा, रोम येथे १७२२ चा व लायप्झिग येथे १७२६ चा. न्यूयॉर्कचे वाद्य पुन्हा वाजते करण्याच्या प्रयत्नात १९३८ मध्ये त्याचा नादफलकच बदलण्यात आला. म्हणजे जे जगातील सर्वांत जुने उपलब्ध पियानो आहे, त्याच्या मूळ नादाला आपण कायमचे मुकलो. त्याचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याने हे समजून ऐकावयास हवे की, यंत्रणेच्या घडणीविषयी ते पुष्कळ सांगते, परंतु त्याचा नाद विसाव्या शतकातील लाकडाचा आहे. उलटपक्षी लायप्झिगच्या वाद्याला धक्का न लावता त्याची मापे घेऊन केलेली प्रतिकृती क्रिस्तोफोरीच्या कानापर्यंत अधिक जवळ पोहोचण्याची शक्यता असते.

यावरून एक कटू परंतु अटळ पेच निर्माण होतो. वाद्य वाजविले की ते झिजते. तारांचा ताण त्याच्या पेटीला वाकवितो. म्हणून अनेक संग्रहालयांनी आपली जुनी वाद्ये क्वचितच वाजू द्यावयाची किंवा मुळीच वाजू द्यावयाची नाहीत असे धोरण स्वीकारले आहे. ते योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की, ज्या वाद्यांचे सुस्थितीत असताना काळजीपूर्वक मुद्रण झाले, त्यांच्या नादाची ती मुद्रणे पुढील पिढ्यांसाठी कदाचित एकमेव साक्ष ठरतील. अशा मुद्रणासोबत वाद्याच्या स्थितीची नोंद नसेल तर ती साक्ष अर्धी मुकीच राहते.

३. प्रतिकृती आणि एक बनावट

हार्पसिकॉर्डच्या पुनरुज्जीवनात वान्डा लॅन्डोव्स्का हिचे नाव अग्रभागी आहे. पॅरिसच्या प्लेयेल या पियानोच्या कारखान्याने तिच्या सूचनेनुसार घडविलेले मोठे हार्पसिकॉर्ड १९१२ मध्ये पुढे आले. १९३३ मध्ये तिने गोल्डबर्ग रचना प्रथमच हार्पसिकॉर्डवर संपूर्ण मुद्रित केली आणि १९४५ मध्ये पुन्हा एकदा. तिच्या वादनातील प्राण व लयीचा करारीपणा आजही श्रोत्याला पकडून ठेवतो. परंतु ते वाद्य बांधणीने पियानोच्या कुळातले होते : जड पेटी, अधिक ताणाच्या तारा, खर्जाची एक जादा तारमाला आणि नादबदलासाठी पायपट्ट्या. असे वाद्य बाखने पाहिले नव्हते. तेव्हा लॅन्डोव्स्काची मुद्रणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जुन्या संगीताच्या कल्पनेचे श्रेष्ठ दस्तऐवज होत. अठराव्या शतकातील नादाचे नव्हेत. त्यांचे मोल यामुळे कमी होत नाही, निराळे ठरते.

१९४९ मध्ये बोस्टन येथे फ्रँक हबर्ड व विल्यम डाउड यांनी आपली कार्यशाळा काढली आणि जुन्या वाद्यांची बांधणी मापून तिचेच अनुकरण करण्याचा मार्ग धरला. हबर्डचा हार्पसिकॉर्डच्या तीन शतकांच्या घडणीवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपात ब्रेमेनच्या मार्टिन स्कोवरोनेक याने हेच तत्त्व अंगीकारले. अँटवर्पच्या ड्युल्कन या वाद्यकाराच्या १७४५ च्या नमुन्यावरून त्याने १९६२ मध्ये घडविलेल्या वाद्यावर गुस्ताव लेओनहार्ट याने १९६५ मध्ये गोल्डबर्ग रचना मुद्रित केली. हे मुद्रण लॅन्डोव्स्काच्या मुद्रणाशेजारी ठेवून ऐकले असता, तीस वर्षांत वाद्याची कल्पना किती मुळापासून बदलली ते कोणत्याही वर्णनावाचून कळते. हलकी पेटी, कमी ताणाच्या तारा आणि लवकर उमटणारा नाद यांमुळे स्वरांना उच्चारातील व्यंजनांसारखी धार येते. दोन स्वरांमधील विराम ऐकू येतो आणि वाक्ये वेगळी होतात.

याच स्कोवरोनेकची एक हकीगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. लेओनहार्टपाशी एक फ्रेंच हार्पसिकॉर्ड होते. त्यावर रूआँ येथील निकोला लफेव्र याचे नाव व १७५५ हे वर्ष होते. ते जुने वाद्य म्हणून ओळखले जाई आणि ध्वनिमुद्रणांच्या पुस्तिकांतही तसाच उल्लेख होई. २००२ मध्ये इंग्लंडमधील गॅल्पिन सोसायटीच्या नियतकालिकात स्कोवरोनेकने स्वतःच जाहीर केले की, ते वाद्य त्यानेच १९८० नंतरच्या दशकात घडविले होते; फसविण्याच्या हेतूने नव्हे, तर जुन्या कारागिराच्या सर्व सवयी आत्मसात करून नवे वाद्य जुन्याच्या तोडीचे होते काय हे पाहण्यासाठी.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते दोन्ही मान्य केले पाहिजेत. पहिला असा की, ‘मूळ वाद्य’ ही पाटी तज्ज्ञांच्या कानालाही बांधून टाकते. पाटी वाचली की कान तिच्या बाजूने साक्ष देऊ लागतो. दुसरा असा की, ज्या नादाची वाहवा झाली तो नाद खरोखरच उत्तम होता. पाटी खोटी ठरली म्हणून मुद्रणातील संगीत खोटे ठरत नाही. अर्थात् प्रतिकृती व मूळ यांतील भेद सांगितला जावा हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. त्यावरूनच सरस-नीरस ठरवावे हे मात्र युक्त नव्हे.

४. स्वरजुळणी

वाद्याइतकाच, किंबहुना कित्येकदा त्याहून अधिक, परिणाम स्वरजुळणीचा होतो आणि नेमकी तीच बहुतेक श्रोत्यांच्या लक्षातून सुटते. महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. पेटीतील गांधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गांधाराशी जुळत नाही, ही तक्रार जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी व क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने श्रुतींची स्वतंत्र पेटी घडवून घेतली, ती याच असमाधानातून. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली आणि १९७१ पासून शिथिल केलेली बंदी हीही अंशतः याच वादाची निष्पत्ती होती.

प्रश्नाचे मूळ गणितात आहे. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर शुद्ध षड्ज-पंचम अंतर सुमारे ७०२ सेंट व शुद्ध षड्ज-गांधार अंतर सुमारे ३८६ सेंट येते. शुद्ध पंचमांची साखळी बारा वेळा पुढे नेली तर ती सप्तकावर बरोबर येऊन मिळत नाही. सुमारे २४ सेंट उरतात. ही उरलेली बाकी कोठे तरी मुरवावी लागते. आजच्या समविभागी जुळणीत ती बाराही पंचमांत सारखी वाटली जाते. पंचम ७०० सेंटचा, जवळजवळ शुद्ध, राहतो, परंतु गांधार ४०० सेंटचा, म्हणजे १४ सेंट चढा होतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत याच्या उलट निवड केली गेली. ‘मीनटोन’ या जुळणीत गांधार शुद्ध ठेवण्यासाठी प्रत्येक पंचम सुमारे पाच सेंट उतरविला जाई. त्यामुळे नेहमीच्या स्वरसंगती अत्यंत शांत व गोड लागत. पण एका कोपऱ्यात साचलेली सर्व चूक एका पंचमात येई आणि तो असह्य होई. त्याच्या घुरघुरण्यामुळे त्याला ‘लांडगा’ असे नाव पडले.

या जुळणीत बर्ड किंवा फ्रेस्कोबाल्दी ऐकला म्हणजे त्यांच्या रचनेतील एक गोष्ट उलगडते. विसंवाद बोचतो, तो सुटून शुद्ध गांधारावर आला की नाद एकदम निवळतो. समविभागी जुळणीत ताण व विसावा या दोहोंतील अंतर कमी होते. रचनाकाराने योजिलेले चढउतार सपाट होतात. स्वरलिपी तीच, वाद्यही तेच. पण अर्थाचा एक थर गळालेला. म्हणून ज्या ध्वनिमुद्रणाच्या पुस्तिकेत जुळणीचा उल्लेखच नाही, ते सोळाव्या-सतराव्या शतकातील संगीतासाठी विशेष सावधपणे वापरावे.

मूळ स्वराची उंची हा त्याला जोडून येणारा विषय. आज तत्कालीन वाद्यांसाठी ४१५ कंपनसंख्येचा ‘ए’ स्वर रूढ आहे. तो इतिहासातील एखादे सार्वत्रिक प्रमाण म्हणून नव्हे, तर आधुनिक ४४० च्या बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतो ही त्याची सोय म्हणून. प्रत्यक्षात गावोगावी व शतकोशतकी उंची बदलत असे. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधील १६९३ च्या श्निट्गर ऑर्गनचा ‘ए’ सुमारे ४९५ आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच संगीतासाठी आजचे वादक पुष्कळदा ३९२ घेतात.

५. लिपी आणि उच्चार

लिपी उच्चाराची सूचना देते, उच्चार देत नाही. हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. मराठीतील ‘च’ हे अक्षर ‘चमचा’ या शब्दात एक व ‘चार’ या शब्दात दुसरा उच्चार घेते आणि लिपी त्याबद्दल मौन पाळते. भाषकाला मात्र शंका पडत नाही. जुन्या स्वरलिपीचेही असेच आहे. लुई कूपरँचे काही प्रील्यूड केवळ अखंड मात्रेच्या चिन्हांत व वळणदार रेघांत लिहिलेले आहेत. त्यांत काल कोठेच दिलेला नाही. फ्रेस्कोबाल्दीने १६१५ च्या आपल्या तोकाता-संग्रहाच्या प्रस्तावनेत वादकाला सांगितले की, ठेका एकसारखा धरू नये, भावानुसार कधी संथ तर कधी द्रुत करावा. फ्रांस्वा कूपरँने १७१६ मध्ये हार्पसिकॉर्ड-वादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाखने १७२० मध्ये आपल्या थोरल्या मुलाच्या वहीत अलंकारांच्या चिन्हांचा तक्ता करून दिला. कार्ल फिलिप एमान्युएल बाखचा पट्टीवाद्यांवरील ग्रंथ दोन भागांत १७५३ व १७६२ मध्ये निघाला. हे त्या बोलीचे व्याकरणग्रंथ होत.

तथापि व्याकरण पाठ झाले म्हणजे बोली अवगत झाली असे होत नाही. अलंकार तक्त्याप्रमाणे बिनचूक वाजविलेली, पण प्रत्येक मात्रा फूटपट्टीने मोजलेली अशी मुद्रणे पुष्कळ आहेत. ती परक्या भाषेतील शुद्ध वाक्यांसारखी वाटतात. याउलट ज्या वादकाने ती बोली अंगी मुरविली आहे तो एखादा स्वर किंचित उशिरा आणतो आणि तेवढ्यानेच त्यावर भार पडतो. वाद्य तत्कालीन, जुळणी तत्कालीन, परंतु वादन अलीकडच्या पियानोच्या सवयीचे, अशी विसंगती ओळखणे हे श्रोत्याच्या शिक्षणाचे एक मुख्य अंग आहे.

६. मायक्रोफोनचा वाटा

ध्वनिमुद्रणात वाद्य व वादक यांच्या जोडीला तिसरा कर्ता असतो तो मायक्रोफोन. हार्पसिकॉर्डच्या पेटीत तो फार जवळ नेला तर जॅकची खटखट व नखीचा ओरखडा पुढे येतो. फार दूर ठेवला तर स्वर घुमून एकमेकांत मिसळतात व शब्दन् शब्द वेगळा करणारी ती व्यंजनांची धार बोथट होते. मोठ्या चर्चच्या घुमाऱ्यात मुद्रित केलेली हार्पसिकॉर्डे प्रथमदर्शनी भव्य वाटतात. परंतु हे वाद्य बहुधा घराच्या दालनातले होते याचे विस्मरण होऊ नये.

क्लॅव्हिकॉर्डच्या बाबतीत तर ऐकणाराच मुद्रण बिघडवू शकतो. आवाज वाढविला की ते वाद्य जाड तारांच्या हार्पसिकॉर्डसारखे वाजू लागते आणि त्याचा स्वभावच नाहीसा होतो. आवाज इतका कमी ठेवावा की प्रथम काहीच नीट ऐकू येत नाही असे वाटावे. खोलीत शांतता असेल तर दोन-तीन मिनिटांत कान स्थिर होतो आणि मग त्या लहानशा मर्यादेतही मंद, मध्यम व मोठा असे भेद उमटू लागतात. एवढे पथ्य पाळले तर या वाद्याच्या चांगल्या मुद्रणासारखा दुसरा अनुभव नाही.

ऑर्गनला हलविता येत नसल्याने त्याचे मुद्रण हे स्थळाचेही मुद्रण असते. हेल्मुट वाल्खा या अंध वादकाने १९५० व १९५२ मध्ये उत्तर जर्मनीतील काप्पेल या खेड्यात बाखच्या रचना मुद्रित केल्या. तेथील वाद्य आर्प श्निट्गर याने १६८० मध्ये हॅम्बुर्गच्या एका चर्चसाठी बांधले होते; १८१६ मध्ये ते या खेड्यात आले. एका चिनी मातीच्या भांड्याच्या ठिणकाऱ्यासारखा स्वच्छ असा त्याचा नाद त्या जुन्या एकमार्गी मुद्रणांतही टिकून आहे. नवे तंत्र म्हणजे चांगले मुद्रण, हा समज त्यावरून दूर व्हावा.

७. निवडीची रीत

वरील विवेचनावरून कोणतेही मुद्रण निवडताना पुढील प्रश्न विचारावेत असे ठरते. वाद्य कोणाचे, केव्हाचे व कोठचे. मूळ असल्यास त्यात कोणते बदल झाले, प्रतिकृती असल्यास कोणत्या वाद्याची? जुळणी व स्वराची उंची कोणती? स्वरलिपीचा पाठ कोणत्या हस्तलिखिताचा वा आवृत्तीचा? मुद्रण कोठे व केव्हा झाले? आणि या सर्वांची उत्तरे मिळाल्यानंतर शेवटचा प्रश्न : या विशिष्ट वाद्यामुळे वादकाला असे काय करता आले, जे दुसऱ्या वाद्यावर झाले नसते?

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या आर्किव्ह या जर्मन मालिकेने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांसोबत रचना, वादक, वाद्य व मुद्रणाची तारीख यांची नोंदपत्रे देण्याचा पायंडा पाडला होता. संशोधनाला उपयुक्त अशी ती शिस्त होती. आज इंटरनेटवरून ऐकण्याच्या सोयीमुळे संगीत विपुल झाले; पण तेथे वादकाचे नाव व रचनेचे शीर्षक यांपलीकडे बहुधा काही दिसत नाही; पुस्तिका मुद्रणापासून तुटली आहे. पहिले पान हरवलेल्या पोथीसारखी ही स्थिती आहे. म्हणून विद्यार्थ्याने आधी ग्रंथालयाच्या सूचीत वा प्रकाशकाकडे पुस्तिका शोधावी व मग ऐकावे. उलट दिशेनेही जाता येते. एडिनबरा विद्यापीठ, पॅरिसचे संगीत-संग्रहालय, कोल्मारचे उंटरलिंडन संग्रहालय, लायप्झिग विद्यापीठ यांसारख्या संग्रहांतील एखादे वाद्य निवडावे, त्याचा इतिहास वाचावा आणि मग त्यावर कोणी काय मुद्रित केले आहे ते पाहावे. एडिनबरा येथील तास्कँच्या १७६९ च्या हार्पसिकॉर्डच्या प्रतिकृती अनेक देशांत झाल्या आहेत; मूळ व प्रतिकृती यांची तुलना करण्यास ते सोयीचे उदाहरण आहे.

संपूर्ण संचांपैकी दोन येथे नमूद करण्याजोगे आहेत. डेव्हिट मोरोनी याने विल्यम बर्डचे पट्टीवाद्यांसाठी असलेले सर्व संगीत सात तबकड्यांत मुद्रित केले. हा संच १९९९ मध्ये निघाला. त्यासाठी त्याने एका वाद्यावर भिस्त न ठेवता हार्पसिकॉर्ड, म्युझेलार, क्लॅव्हिकॉर्ड व ऑर्गन अशी सहा वाद्ये योजिली. एकाच रचनाकाराच्या निरनिराळ्या रचना निरनिराळ्या वाद्यांकडे कशा ओढ घेतात ते त्यावरून समजते. स्कॉट रॉस याने स्कार्लातीच्या सर्व ५५५ सोनाता १९८४-८५ मध्ये मुद्रित केल्या. त्या ३४ तबकड्यांत निघाल्या. त्यांतील काही वादन घाईचे वाटले तरी एवढा समूह एका दृष्टीने ऐकावयास मिळणे ही मोठी सोय आहे. मात्र स्कार्लाती ज्या राणीच्या सेवेत होता त्या मारिया बार्बाराच्या वाद्यसंग्रहात फ्लॉरेन्सचे पियानोही होते. तेव्हा त्याचे सर्व संगीत हार्पसिकॉर्डचेच होय असे गृहीत धरता येत नाही. क्रिस्तोफोरीच्या नमुन्याच्या प्रतिकृतींवरील मुद्रणे त्यांशेजारी ठेवून पाहावीत.

नव्या विद्यार्थ्याने मोठा संग्रह करण्याच्या मागे न लागता एकच लहान रचना घ्यावी. बाखच्या १७२२ च्या संग्रहातील पहिला प्रील्यूड त्यासाठी पुरेसा आहे. तो हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड व आधुनिक पियानो यांवर, शक्य तर निरनिराळ्या जुळण्यांत, स्वरलिपी समोर ठेवून ऐकावा. पुस्तिका न वाचता प्रथम, वाचून नंतर. दोन वेळच्या श्रवणांत जो फरक पडेल त्यातील किती भाग नादाचा व किती पाटीचा, हे स्वतःशी प्रामाणिकपणे नोंदवावे. लफेव्रच्या वाद्याचा धडा तोच आहे.

गेलेला नाद पुन्हा आणता येत नाही. लाकूड वाळते, नखी झिजते आणि ज्या कानांसाठी ते संगीत रचले गेले ते कान तर कधीच मिटले. आपणांस मिळते ती साक्ष : कधी विश्वसनीय, कधी अंशतः बिघडलेली, क्वचित सुंदर रीतीने बनविलेली. चांगले ध्वनिमुद्रण म्हणजे सत्याची हमी देणारे मुद्रण नव्हे. आपण काय आहोत आणि काय नाही हे जे लपवीत नाही, आणि तेवढे सांगून झाल्यावर ज्यातील संगीत जिवंत असते, ते चांगले मुद्रण होय.